जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली
(नागाव येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, हे काम शिक्षकाचे नव्हे, यंत्रे दुरुस्त करणाऱ्याचे होय. प्रारंभी मलाही तसेच वाटत असे. परंतु मागे एका शाळेस भेट देण्याचा योग आला असता तेथील चौथीच्या वर्गातील एका मुलीने जो प्रश्न विचारला, त्याने माझे मत पालटले. त्या शाळेच्या कार्यालयात दोन संगणक जुन्या सतरंजीखाली झाकून ठेवलेले होते. ते बिघडले आहेत काय, असे मी विचारता मुख्याध्यापक म्हणाले, "बिघडलेले नाहीत. पण नवी प्रणाली ते घेत नाहीत, म्हणून बाद केले." जवळच उभी असलेली ती मुलगी लगेच म्हणाली, "गुरुजी, बिघडला नाही, तर मग बाद कसा?"

या प्रश्नास त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे, असे आपण समजावे.

प्रथम काय घडले आहे ते पाहू. आपल्या बहुतेक शाळांतील संगणक ज्या कार्यप्रणालीवर चालत आले, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. तिची उत्तराधिकारी विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार कंपनीने थांबविला. आधार थांबला याचा अर्थ संगणक बंद पडला असा मात्र नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, प्रणालीत पुढे आढळणाऱ्या उणिवा बुजविणारी सुरक्षेची दुरुस्ती त्या यंत्रास विनासायास मिळेनाशी झाली. घराचा दरवाजा जागेवर आहे, कुलूपही लागते आहे; परंतु कुलूप नादुरुस्त झाले तर ते नीट करून देणारा आता येणार नाही, अशी ही स्थिती होय. ज्या यंत्रावर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व बँक खात्यांची माहिती आपण भरतो, त्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

आता नवी प्रणाली जुन्या यंत्राला का नाकारते, हे समजून घेतले पाहिजे. तिच्या अटी थोडक्यात अशा आहेत: स्मृती, म्हणजे रॅम, किमान ४ जीबी असावी, साठवणुकीची जागा किमान ६४ जीबी असावी, प्रोसेसर ६४ बिटांचा, किमान दोन गाभ्यांचा आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतील असावा, संगणक सुरू करणारी मूळ व्यवस्था यूईएफआय या नव्या पद्धतीची असून तीत सिक्युअर बूटची सोय असावी, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था यंत्रात असावी. ही टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी एक लहानशी तिजोरीच होय. काही यंत्रांत ती स्वतंत्र चकतीच्या रूपाने असते, तर पुष्कळ यंत्रांत ती प्रोसेसरच्या पोटातच सामावलेली असते.

या अटी पाठ करण्याची आवश्यकता नाही. माझे आपणास आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, "हा संगणक पात्र नाही" असा शेरा पडद्यावर दिसताच तो अंतिम निकाल समजू नये. विद्यार्थी नापास झाला म्हणजे कोणत्या विषयात व का, हे आपण पाहतो; तसेच येथेही पाहावे. नापास होण्याची कारणे बहुधा चार असतात: रॅम अपुरी, साठवणूक अपुरी, यंत्रातील एखादी सोय बंद करून ठेवलेली, किंवा प्रोसेसरच जुना. यांपैकी पहिल्या तीन कारणांवर उपाय आहे. चौथ्यावर सहसा नाही. कोणते कारण लागू आहे, हे पीसी हेल्थ चेक नावाचे कंपनीचेच विनामूल्य साधन एकेक करून सांगते.

परंतु कोणत्याही उपायास हात घालण्यापूर्वी एक गोष्ट करावयाची असते आणि ती न केल्याचे फळ मी स्वतः भोगले आहे. माझ्या सेवाकाळात आमच्या शाळेचा संगणक मंद झाला म्हणून आम्ही तो एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने तो तत्परतेने नवा करून परत दिला. पण त्यातील सात वर्षांचे निकाल, पालकसभांची इतिवृत्ते व स्नेहसंमेलनांची छायाचित्रे कायमची गेली. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण "आतील माहिती जपा" असे आम्ही त्यास सांगितलेच नव्हते. म्हणून प्रथम माहितीच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत ठेवावी व दुसरी शाळेबाहेर, शक्य तर गावाबाहेर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या, शाळांची छपरे उडाली आणि कपाटांतील दप्तर भिजले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत होय.

आता उपायांकडे वळू. रॅम वाढविणे हे सर्वांत सोपे. अट ४ जीबीची असली, तरी एवढ्यात यंत्र केवळ श्वास घेते. कामासाठी ८ जीबी असणे इष्ट. मात्र रॅमच्या पट्ट्या सर्व यंत्रांना सारख्या नसतात. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या दोन जातींच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मेजावरील संगणकाची पट्टी लांब, तर लॅपटॉपची आखूड असते. म्हणून बाजारात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, किंवा तिच्यावरील अक्षरे लिहून न्यावीत.

दुसरा उपाय साठवणुकीचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. तिच्या जागी एसएसडी बसविली असता तेच यंत्र ओळखू येऊ नये इतके चपळ होते. मंद संगणकाबद्दलच्या आपल्या निम्म्या तक्रारी या एका बदलाने मिटतील, असा माझा अनुभव आहे. जुन्या डिस्कवरील सर्व काही नवीवर जसेच्या तसे उतरवून घेता येते. शिवाय जुनी डिस्क लगेच पुसू नये. काही महिने ती कपाटात ठेवावी, म्हणजे तीच एक राखीव प्रत होते.

तिसरे कारण सर्वांत चमत्कारिक आहे. सोय यंत्रात असते, पण बंद असते. पुष्कळ संगणकांत टीपीएमची व्यवस्था प्रोसेसरमध्येच आहे. इंटेलच्या यंत्रांत ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने आढळते. परंतु कारखान्यातून येतानाच ती बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होत असता एफ २ किंवा डिलीट यांसारखी कळ दाबून मूळ मांडणीच्या पडद्यावर जावे, तेथे ती चालू करावी, की तिजोरी उघडते. सिक्युअर बूटचेही तसेच. पण येथे थोडे सावध राहावे. संगणक जुन्या पद्धतीने सुरू होत असेल, तर त्याच्या डिस्कची विभागणीही बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. अशा वेळी आधी विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी आणि मगच सुरू करण्याची पद्धत यूईएफआय करावी. हा क्रम उलटला तर यंत्र सुरूच होत नाही आणि मनुष्य घाबरतो. हे रूपांतर करणारे एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोज १० मध्ये २०१७ पासून अंतर्भूत आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर तिची पुनःप्राप्ती-किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी व ते कुलूप तात्पुरते स्थगित करावे. आणखी एक बारकावा असा की, ३२ बिटांची विंडोज असलेल्या यंत्रावर नवी प्रणाली चढविता येत नाही; ती पहिल्यापासून नव्याने बसवावी लागते. म्हणजे दोन प्रतींचे महत्त्व पुन्हा आलेच.

राहिले चौथे कारण. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर थोडे अपवाद वगळता तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. ती ओळखणे कठीण नाही. आय ३-४१३० असा क्रमांक असेल तर पिढी चौथी. आय ३-८१०० असेल तर आठवी. आय ५-१०४०० असेल तर दहावी. पेंटियम व सेलेरॉन यांच्या क्रमांकावरून मात्र असा बोध होत नाही. त्यांची नावे यादीतच पाहावीत. "जुना प्रोसेसर काढून नवा बसवू" असे कोणी सुचविल्यास घाई करू नये. सहाव्या, सातव्या व आठव्या पिढीच्या मेजावरील प्रोसेसरची बैठक दिसावयास सारखीच, ११५१ टोकांची आहे. पण सातव्या पिढीचा मदरबोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर स्वीकारत नाही. मदरबोर्डही बदलावा, तर त्याबरोबर रॅमही बदलावी लागण्याचा संभव असतो, आणि मग जुने म्हणून काय उरले, असा प्रश्न पडतो. एएमडीच्या एएम ४ बैठकीच्या काही यंत्रांत अशी बदली साधते. पण तो निर्णय जाणकाराच्या सल्ल्यानेच घ्यावा.

नव्या प्रणालीच्या तपासण्या चुकवून ती अपात्र यंत्रावर बसविण्याच्या युक्त्याही प्रचारात आहेत. घरच्या यंत्रावर कोणी हौसेने तसे केले तर त्यास मी अडविणार नाही. परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. शाळेचे दप्तर हमी नसलेल्या जागी ठेवू नये.

मग चौथ्या कारणाने नापास झालेल्या यंत्राचे काय करावे? येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा आहे. यंत्र बदलता येत नसेल, तर प्रणाली बदलावी. लिनक्स या मुक्त प्रणालीचे अनेक प्रकार विनामूल्य उपलब्ध आहेत व त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतात. उदाहरणार्थ, लिनक्स मिंट या प्रकारास किमान २ जीबी रॅम पुरते आणि ४ जीबी असली तर काम सुखाने होते. टीपीएमची अट तेथे नाही. केरळ राज्यातील शाळांनी आपले संगणक-शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालविले आहे. आपल्या देशात सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी तयार केली आहे. तेव्हा हा प्रयोग नवा किंवा धाडसाचा आहे असे नव्हे. आणखी थोडी मुदत हवी असल्यास विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजनाही कंपनीने आखली. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरविण्यात आली; शिक्षणसंस्थांना परवाना घेऊन तीन वर्षांपर्यंत, पहिल्या वर्षी यंत्रामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर, असा दर जाहीर झाला. ही सोय उसन्या वेळेसारखी आहे. तिच्या आधाराने स्वस्थ बसू नये, नियोजन करावे.

प्रणाली बदलताना आपल्या मराठी लेखनाविषयी एक इशारा देणे अगत्याचे आहे. आपल्या शाळांतील जुने मराठी मजकूर पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतात. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक रांगांसारखे दिसू लागते. ते नष्ट झालेले नसते. परंतु वाचता येत नाही. म्हणून जुने यंत्र चालू असतानाच असे सर्व मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावेत आणि महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलेल्या शिक्षकास या बदलाचा त्रास होत नाही, कारण तो कळफलक विंडोजवर आहे तसाच लिनक्सवरही आहे. छपाईयंत्र व स्कॅनर नव्या प्रणालीस ओळखतात की नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

बदल कसा करावा, याचा एक उत्तम धडा आपल्याला येथून जवळच, अलिबाग येथे मिळतो. तेथील चुंबकीय वेधशाळा आपण सहलीच्या निमित्ताने पाहिली असेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात असत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. त्या विजेमुळे तेथील नाजूक उपकरणांच्या नोंदी दूषित झाल्या असत्या, म्हणून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या संचालकत्वाच्या काळात हे काम १९०४ मध्ये अलिबागेस आणण्यात आले. उपकरणे निकामी झाली नव्हती. भोवतालची परिस्थिती बदलली होती. आपल्या जुन्या संगणकांची गोष्ट याहून निराळी नाही. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नवी वेधशाळा सुरू होताच त्या लोकांनी जुनी बंद केली नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. त्यामुळे नोंदींची परंपरा अखंड राहिली. आपणही नव्या प्रणालीवर काम सुरू केले, तरी निदान एक सत्र जुने यंत्र तसेच ठेवावे. एक मासिक पत्रक, एक निकाल, एक पोषण आहाराची नोंद दोन्हींकडे करून पाहावी. मेळ बसला म्हणजे जुने मोकळे करावे.

आपण समुद्रकाठी राहतो, याचेही भान हवे. खारी व दमट हवा धातूच्या टोकांवर थर चढविते, आणि चांगली रॅमही मग मृत वाटू लागते. वीज पूर्ण तोडून, पट्टी काढून तिची सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसविली, तर पुष्कळदा यंत्र जिवंत होते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक ३ व्होल्टची बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचे नाव. ती संपली की संगणकाची तारीख भलतीच होते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. शिवाय आपण चालू केलेल्या सोयीही पुसल्या जाऊ शकतात. म्हणून इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी ही अल्प किमतीची वस्तू बदलून पाहावी. पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून दोनदा तरी चालवावे, कारण पडून राहिलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर कुजते.

एवढे करूनही जे यंत्र खरोखरच निरुपयोगी ठरेल, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नये. जडसंग्रह नोंदवहीतील नोंद पाहून रीतसर निर्लेखन करावे, आतील डिस्क संपूर्ण पुसून किंवा काढून ठेवावी, आणि यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल असे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांचा हेतू हाच आहे. मुलांच्या माहितीसह डिस्क बाजारात जाणे, हे शाळेच्या विश्वासास काळिमा लावणारे ठरेल.

शेवटी मूळ मुद्द्यावर येतो. हे सर्व काम बंद दाराआड करू नये. वीज तोडलेले यंत्र वर्गात मेजावर उघडून ठेवावे. ही रॅम, ही डिस्क, हा प्रोसेसर, असे मुलांना दाखवावे. कोणता भाग अपुरा आहे व का, हे त्यांनाच शोधू द्यावे. या परिसरातील मुलांना ही गोष्ट समजणे अवघड नाही. त्यांच्या वाडीतील विहिरीवर एके काळी रहाट होता, आज पंप आहे. रहाट गेला म्हणून कोणी विहीर बुजविली नाही. काय बदलावयाचे आणि काय राखावयाचे, हा विवेक वाडीवाल्याला असतो. तोच आपल्याला संगणकाच्या बाबतीत हवा. जे यंत्र नीट आहे ते केवळ जुने म्हणून फेकून देणारी शाळा मुलांना नकळत उधळपट्टी शिकविते. ते तपासून पाहणारी शाळा विचार करावयास शिकविते.

त्या शाळेतील सतरंजीखालच्या दोन संगणकांचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. आम्ही दोघे-तिघे शिक्षक एका शनिवारी पुन्हा तेथे गेलो. एका यंत्राचा प्रोसेसर आठव्या पिढीचा निघाला. त्याची टीपीएम बंद होती व रॅम ४ जीबीच होती. सोय चालू केली, एक पट्टी वाढविली, आणि ते नव्या प्रणालीवर कार्यालयाचे काम करू लागले. दुसरे यंत्र चौथ्या पिढीचे होते. त्यावर लिनक्स बसविले व ते वर्गात ठेवले. त्यावर पहिले वाक्य मराठीत टंकण्याचा मान त्या मुलीला दिला. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते: बाद ठरविण्यापूर्वी त्या यंत्राची परीक्षाच कोणी घेतली नव्हती.

 आपापल्या शाळेत परतल्यावर कोपऱ्यात झाकून ठेवलेले एखादे यंत्र असेल, तर त्यावरील आच्छादन दूर करून एकदा त्याची नीट तपासणी करावी, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.